सोनीचा कापलेला एक मार्क

खोटे गुण मी नोकरीत एकदाच दिले. पन्नासपैकी सदतीस. तो पेपर मी तपासला नव्हता. तपासणार कसा? तो एका म्हशीच्या पोटात होता.

एवढं लिहायला मला बारा वर्षं लागली. बायकोलासुद्धा हे माहीत नाही. अंक घरी आला की कळेल. संपादकांचा निरोप होता, 'शाळेतल्या गमतीजमती लिहा.' गंमत आहेच, सगळ्यांना होती. मीच तेवढा त्या गमतीच्या आत बसलेला होतो.

निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. पोंभुर्णा तालुक्यातलं, जंगलाला पाठ टेकून बसलेलं गाव. आठवीपर्यंत शाळा. मी इंग्रजी शिकवायचो आणि मुख्याध्यापकाचा प्रभारही माझ्याकडेच होता. म्हणजे चूक करणारा मी आणि चूक पकडणाराही मीच. अशा ठिकाणी माणूस फार काळ सरळ राहत नाही.

त्या वर्षी आठवीत दोनच मुली होत्या. प्रज्ञा आणि सोनी. बाकीची मुलं आश्रमशाळेत गेली होती. प्रज्ञाचे वडील घुग्घुसला ट्रकवर होते, महिन्यातून दोनदा कोळशाचा रंग घेऊन घरी यायचे. सोनीचे वडील जंगलातून बांबू आणून टोपल्या विणायचे. दोघी शेजारी राहायच्या, एकाच तांब्यातलं पाणी प्यायच्या आणि पहिल्या नंबरासाठी एकमेकींच्या जिवावर उठायच्या.

दोन मुलींच्या वर्गात इंग्रजी शिकवताना एक अडचण येते, ती बाहेरच्या लोकांना सांगायला हवी.

आपल्या मराठीत 'सगळ्यात उंच' म्हटलं की काम झालं. इंग्रजी लोकांचं तेवढ्यावर भागत नाही. जो सगळ्यांच्या वर एकटा उभा आहे, त्याच्या डोक्यावर ते 'द' नावाची टोपी घालतात. द टॉलेस्ट. नुसती तुलना असेल तर टोपी नाही. प्रज्ञा सोनीपेक्षा उंच आहे, बस, बोडख्यानं उंच. पण 'दोघींपैकी जी उंच आहे ती' असं म्हटलं की ती एक ठरली, मग टोपी चढली. द टॉलर. 'जरा बरं पेन दे' म्हणायचं असेल तर कुठलंही चालतं, म्हणून नुसता 'अ'. आणि 'माझी', 'तुझी' आधी आलं तर 'द' येत नाही. बसच्या सीटवर कुणी आधीच रुमाल टाकला आहे, तिथं दुसऱ्यानं बसू नये.

हे फळ्यावर लिहून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. मी पोरांना अंगणात ओळीनं उभं करायचो. टॉल, टॉलर, द टॉलेस्ट. खडूच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची खरोखरची टोपी केली होती, त्यावर लाल शाईनं इंग्रजीत 'द'. पण ओळीला निदान तीन जण लागतात आणि माझ्याकडे होत्या दोन.

म्हणून मी कमलाबाईंना बोलावलं.

कमलाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. उंचीनं दारात वाकणाऱ्या, अंगानं दार अडवणाऱ्या. सोनी इज टॉल, प्रज्ञा इज टॉलर, कमलाबाई इज द टॉलेस्ट. सोनी इज यंग, प्रज्ञा इज यंगर, इथं मात्र कमलाबाई चालत नव्हत्या, म्हणून मी ओल्ड घ्यायचो. ओल्ड, ओल्डर, द ओल्डेस्ट. फॅट, फॅटर, द फॅटेस्ट. मुली सहावीत होत्या तेव्हापासून, तीन वर्षं, तिसरी कायम कमलाबाई. डोक्यावर 'द' ची टोपी, हातात खिचडी ढवळायचा सराटा, आणि चुलीकडे एक डोळा.

"सर, लवकर आटपा जी. खिचडी लागून राह्यली."

"दोन मिनिटं, कमलाबाई. डार्क, डार्कर..."

"थेही मीच ना? करा मंग."

शाळेला भिंत नाही, काटेरी कुंपण आहे. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस हा धडा ऐकत जायचा. गावात 'द' पसरला. पानठेल्यावर "आज द खर्रा दे बाप्पा" असं ऐकू येऊ लागलं. जावई आला तर "द जावई" आला. गावानं त्याचा एकच अर्थ घेतला होता, मान. आणि ओळीत तिसरी कमलाबाई असते, हेही गावाला पाठ झालं होतं.

आता सायकलीकडे येतो.

नववीची शाळा पोंभुर्ण्याला. रस्ता जंगलातून, बस आली तर आली. गावात हनिफभाऊ म्हणून मोहफूल-हिरड्याचे व्यापारी होते, मोठ्या मनाचे आणि मोठ्या आवाजाचे. त्यांनी जाहीर केलं, "आठवीत जे पोट्टी पयली येईन तिले नवी सायकल." बक्षीस म्हणजे काय ते दोन्ही घरांना कळलं. सायकल मिळेल ती नववीत जाईल. राहील ती राहील. दोघींच्या बापांनी मला वेगवेगळं गाठून एकच वाक्य सांगितलं, "सर, सायकल भेटली तं शिकवतो. नाई तं पायी कशी धाडू?"

वार्षिक परीक्षेत बाकीच्या विषयांत दोघींची बेरीज अगदी सारखी आली. उरलं इंग्रजी.

इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी दोघीही आल्या नाहीत.

एप्रिल म्हणजे मोहाचा महिना. फुलं पहाटेपासून टपटप पडतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाही तर गुरं खातात. आमच्याकडे त्या दिवसांत शाळा रिकामी असते आणि झाडाखाली पटसंख्या पूर्ण असते. मी पेपर पिशवीत घातले, मोटरसायकल काढली आणि जंगलाच्या कडेला मोहापाशी गेलो. पालापाचोळा जाळून झाडाखालची जमीन काळी केलेली, तिच्यावर पिवळट फुलं आणि त्यात वाकलेल्या दोघी. कमलाबाईही होत्या. थोडी लांब त्यांची म्हैस चरत होती.

"सर, परीक्षा द्याले आमी कुठी नाई म्हनतो? पन फुलं कोन वेचन?" सोनी म्हणाली.

"इथंच लिहा," मी म्हणालो.

हे नियमात बसत नाही, मला माहीत आहे. वाचकांत आमच्या खात्यातले कोणी असतील तर त्यांनी पान उलटावं.

पोत्यावर बसून दोघींनी पेपर लिहिला. मुली लिहीत होत्या तोवर त्यांच्या वाट्याची फुलं कमलाबाईंनी वेचली. वारा होता, म्हणून लिहून झालेले दोन्ही पेपर मी एका टोपलीत ठेवले आणि उडू नयेत म्हणून वर ओंजळ-दोन ओंजळ मोहफुलं टाकली. मोहफूल गोड असतं, चिकट असतं, आणि जंगलात त्यासाठी जीव टाकणारं जनावर म्हणजे अस्वल. हे मी मुलींना उदाहरणातही दिलं होतं. जितका मोह जास्त, तितकी अस्वलं जास्त. द मोअर, द मोअर, दोन्हीकडे टोपी.

तेवढ्यात झुडुपामागे काहीतरी काळं हललं.

"अस्वल!" मी ओरडलो.

आणि पळालो. इथपर्यंत मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन मुली आणि एक बाई झाडाखाली सोडून मी, त्यांचा शिक्षक, पळालो. चप्पल राहिली, चष्मा राहिला. मोटरसायकल वाटेतच उभी होती, तिच्या बाजूनं मी तसाच पुढे धावलो, ती चालवता येते हे मला आठवलंच नाही. नाल्यात उतरलो आणि एका दगडामागे बसलो.

मग हसणं ऐकू आलं. मी नाल्यातून डोकं वर काढलं.

सोनी हसत होती. पोट धरून, मोहाला पाठ लावून, साऱ्या जंगलाला ऐकू जाईल असं. प्रज्ञाही हसत होती, पण पदर तोंडाशी धरावा तशी ओढणी धरून, शिक्षकाचा मान ठेवून. सोनीनं मान-बिन काही ठेवला नव्हता.

"सर, या जी वर! कमलाबाईची म्हैस होय थे!"

मी वर आलो. म्हशीचं तोंड टोपलीत होतं. फुलं संपली होती, आणि फुलांच्या रसानं माखलेला, गोड झालेला एक पेपर तिच्या तोंडातून शेपटासारखा लोंबत होता. बघता बघता तोही आत गेला. प्रज्ञाचा पेपर टोपलीच्या तळाला चिकटून वाचला. गेला तो सोनीचा.

मुली तोवर पुढच्या झाडाकडे गेल्या होत्या, त्यांना कळलं नाही. मी टोपलीत उरलेला, चिंध्या झालेला एक कोपरा खिशात घातला. कमलाबाईंनी पाहिलं की नाही, मला समजलं नाही. त्या म्हशीला बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी पेपर पुन्हा घेता आला असता. पण मग पहिला कुठं गेला हे सांगावं लागलं असतं, मग मोहाखाली परीक्षा कशी घेतली, मग म्हैस टोपलीपर्यंत आली तेव्हा सर कुठे होते. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या नाल्यात जाऊन बसत होतं.

प्रज्ञाचा पेपर तपासला. अडतीस. सोनीचेही नेहमी तेवढेच, एखादा वर, एखादा खाली. अडतीस लिहिले असते तर दोघी बरोबरीत आल्या असत्या, सायकलीचं काय ते हनिफभाऊंनी पाहिलं असतं. मी पेन उचललं आणि ते हसणं आठवलं. कानात अगदी तसंच वाजलं. मी सदतीस लिहिले.

का, तर ती हसली म्हणून. बारा वर्षांत मी दुसरी बरीच कारणं शोधून पाहिली. दुसरं कारण नाही.

एक मेला झेंडावंदन झालं, निकाल लागला आणि सायकलीचा समारंभ सुरू झाला. हनिफभाऊंनी पोंभुर्ण्याहून बॅनर छापून आणला होता. वर मोठ्या अक्षरांत 'द बेस्ट स्टुडंट'. मी आदल्या दिवशीच म्हटलं होतं, "भाऊ, दोघींतच निवडायचं तर द बेटर म्हणावं लागतं. बेस्टला तीन लागतात." पोटात पाप असलं की माणूस व्याकरणाला फार जपतो.

"बेटर?" हनिफभाऊ म्हणाले. "सर, बेटर लिवलं तं लोकं म्हनतीन हनिफनं अर्ध्यावर भागवलं. बॅनर छापला आता. तुमी तिसरी उभी करा ना जी, तुमच्यापाशी हाय ना एक."

तर स्टेजवर ओळ उभी राहिली. सोनी, प्रज्ञा, आणि बॅनर खोटा पडू नये म्हणून कमलाबाई. त्या धुतलेली नऊवारी नेसून आल्या होत्या आणि डोक्यावर 'द' ची टोपी होती, सवयीनं.

मी माईक घेतला. जीभ रोजच्या वळणावर गेली. "सोनी इज गुड. प्रज्ञा इज बेटर..."

आणि तीन वर्षं कुंपणाबाहेरून धडा ऐकलेल्या साऱ्या गावानं एका सुरात पूर्ण केलं, "कमलाबाई इज द बेस्ट!"

टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी डफडं वाजवलं. कमलाबाई दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांनी सायकलीचं हँडल धरलं.

"कमलाबाई, सोडा," मी हळूच म्हणालो. "गंमत झाली."

"गंमत काऊन जी? तीन वर्सं झाले मले उभी करून राह्यले. मी द टॉलेस्ट, मी द फॅटेस्ट, मी द ओल्डेस्ट. पोट्ट्यायच्या पुढं, साऱ्या गावाच्या पुढं. मी एक डाव तरी नाई म्हटलं? अन् सायकलीच्या टायमाले मी कोनीच नाई?"

गाव खदखदा हसलं. मला हसू आलं नाही. तीन वर्षांत मी त्या बाईंना एकदाही विचारलं नव्हतं.

हनिफभाऊंना गावापुढे नाही म्हणता येईना. "ही सायकल पोरीची. तुमाले दुसरी देतो बाई, दुकानातली जुनी. जूनमधी पाहू."

"साऱ्यायनं आयकलं हाय," कमलाबाई म्हणाल्या आणि हँडल सोडलं. प्रज्ञानं सायकल नेली. सोनीनं टाळ्या वाजवल्या.

जून उजाडला. प्रज्ञा नववीत जाऊ लागली. सोनी घरी राहिली. कमलाबाईंनी तिला आपली म्हैस चारायला दिली होती. मी रोज मोटरसायकलवरून शाळेत जायचो आणि रोज रस्त्याच्या कडेला त्या दोघी दिसायच्या, जिचा पेपर गेला ती आणि जिनं खाल्ला ती. सोनी "नमस्ते सर" म्हणायची. म्हैस मान वर करून माझ्याकडे बघायची. मला खात्री होती, तिला सगळं माहीत आहे. मी वाट बदलली. तीन किलोमीटरचा वळसा पडत होता, तरी बदलली.

बोलायचं धाडस मात्र झालं नाही. ते कमलाबाईंनी केलं, आणि तेही न बोलता. खिचडी वाढून झाली की त्या टोपी घालून हनिफभाऊंच्या दुकानासमोर जाऊन बसायच्या. नुसत्या. गिऱ्हाइकं विचारायची, "काय जी बाई, काऊन बसल्या?" त्या म्हणायच्या, "मी द बेस्ट हावो. सायकलीसाठी बसली." रोज दुपारी, दीड महिना. शेवटी हनिफभाऊंनी हात जोडले, जुन्या सायकलीला नवे टायर बसवले आणि स्वतः ढकलत त्यांच्या घरी पोचवली.

कमलाबाईंनी ती त्याच संध्याकाळी सोनीच्या दारात उभी केली. मलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. त्या मला म्हणाल्या, "माही सहावी, सातवी, आठवी झाली, सर. आता नववीत मी कुठी जाऊ? इले जाऊ द्या." आणि मग माझ्याकडे न पाहता, सोनीला ऐकू जाणार नाही असं, "माह्या म्हशीनं खाल्लं, मी भरलं. तुमचं तुमी पाहा."

माझं मी बारा वर्षं पाहत राहिलो. मधे बदली झाली, केस गेले, रक्तदाब आला.

त्या रक्तदाबापायी गेल्या महिन्यात चंद्रपुरातल्या एका दवाखान्यात गेलो. पडदा सरकवून आत बसलो तर समोर पांढऱ्या कपड्यांत नर्स.

"सर, वळखलं नाई काय जी?"

सोनी. नर्सिंग करून दोन वर्षं झाली होती. तिनं माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, नळी लावली, पाऱ्याचं मशीन उघडलं आणि फुगा दाबू लागली. प्रज्ञा ऊर्जानगरला असते, दोघी अजूनही फोनवर भांडतात, असं काहीतरी ती सांगत होती. मला एक शब्द नीट ऐकू आला नाही.

"सोनी, तुझा आठवीचा इंग्रजीचा पेपर..."

"बोलू नका सर, बीपी वाढून राह्यलं."

"म्हशीनं खाल्ला होता."

तिचा हात थांबला. मी सगळं सांगितलं. टोपली, फुलं, नाला, सदतीस. ती ऐकत राहिली आणि माझा दंड फुगलेल्या पट्ट्यात आवळलेला राहिला, तो सोड म्हणायचा मला धीर नव्हता.

"पेपर कसा गेला होता तुझा?" मी विचारलं.

"आता काय आठवते जी. चांगलाच गेला असन. म्हशीनं पुरा खाल्ला ना, अर्धा टाकला नाई."

"मी एक मार्क कापला. तू हसलीस म्हणून."

ती हसली नाही. पट्ट्यातली हवा सुसकारत गेली.

"तवा दीड महिना म्हैस चारली मी," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज एकच इचार करो. कोन्तं वाक्य चुकलं असन? म्हशीच्या मागं फिरता फिरता पुरा पेपर मनात लिवो, पुना लिवो. चूक भेटेच ना. मंग म्हटलं, चूकही समजत नाई एवढी ढ हावो मी."

डोळ्यांतून पाणी यायला लागलं, बावन्नाव्या वर्षी, परक्या दवाखान्यात, एक बाही वर केलेली. तिनं मला कापूस दिला. पाच मिनिटं बसवलं, मग पुन्हा पट्टा गुंडाळला, पारा पाहिला.

"दीडशे."

आणि केसपेपरवर लिहिलं, १४९.

"दीडशे म्हणालीस ना?"

"एक कापला," ती म्हणाली. "मी हसली म्हून तुमी कापला. तुमी रडले म्हून मी कापला. जा आता डॉक्टरपाशी. अन् सर, मार्काचं कोनाले सांगा का नोका सांगू, पन पळाले थे लिवून काढा कुठी तरी. बारा वर्सं एवढी मोठी गोष्ट आमी तिघीयनं दाबून ठेवली."

डॉक्टर तरुण होते. केसपेपर पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एकशे एकोणपन्नास? पाऱ्याच्या मशीनवर दोन-दोनच्या रेषा असतात. एकोणपन्नास दिसतच नाही. कोणी घेतलं हे? सिस्टर?"

दार उघडं होतं. चार पावलांवर रस्ता होता. माझे पाय एकदा हलले, हेही लिहून टाकतो.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "त्यांची चूक नाही. तो एक मार्क माझा कापलेला आहे. जुना आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पेन उचललं आणि विचारलं, "चक्कर वगैरे येते का?"

पडद्यामागून हसणं ऐकू आलं. पोट धरून, भिंतीला पाठ लावून, साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं. मी खुर्चीतून उठलो नाही.